पाय न भिजवता पोस्टडॉक

मुंबईच्या पुरावर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचं म्हणताय? मग पावसाळ्यात परळच्या हिंदमाताकडे फिरकू नका. तिथलं पाणी पाहिलं की पुराच्या संगणकी मॉडेलवरची श्रद्धा उडते, आणि श्रद्धा उडाल्यावर प्रपोजल कोण लिहिणार?

सुरुवात २६ जुलै २००५ पासूनच करायची : सांताक्रूझ, २४ तासांत ९४४ मिलिमीटर. हा आकडा नसला की परीक्षकाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्याच दिवशी कुलाब्याने ७५ मिलिमीटरही गाठले नव्हते, हे बोलू नका. एका पर्जन्यमापकाचा पाऊस अख्ख्या शहरावर कसा ओतलात, असं कुणीतरी विचारायचं.

आता जमीन. बारकाईने मोजलेल्या उंच्या हव्या असतील तर अर्ज, पत्र, साहेबांची सही आणि ‘पुढच्या आठवड्यात या’. त्यापेक्षा २००० साली अंतराळयानातून रडारने मोजलेला एसआरटीएम हा उंचीचा नकाशा फुकट आहे. एक चौकोन ३० मीटरचा, उंची पूर्ण मीटरांत. दाट वस्तीत रडारला जमीन कुठली दिसायला, चाळींची छपरंच दिसतात. त्यामुळे परळची बशी नकाशावर टेकाड होते. मॉडेल चालवा, हिंदमाताचं पाणी सुळकन उतरून जातं. पालिकेला पंप लावून जे जड जातं, ते तुम्ही लॅपटॉपवर चहा होईपर्यंत उरकता. इमारती वजा केलेले नवे नकाशेही मिळतात, पण ते घेतले की पाणी तुंबतं.

समुद्राचं नाव काढू नका. एसडब्ल्यूएमएम या गटारांचं पाणी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाल्याच्या मुखाला ‘फ्री’, म्हणजे मोकळं, निवडा. ‘टायडल’ निवडलंत तर भरतीचा तक्ता भरत बसावं लागतं, साडेचार मीटरच्या भरतीला नाला मागे फुगतो आणि मॉडेल थेट मुंबईसारखं वागायला लागतं.

काँक्रीटच्या गटाराचा मॅनिंग गुणांक, म्हणजे खडबडीतपणाचा आकडा, पुस्तकात ०.०१३ असतो. उत्तर जुळेना? ०.०४ करा आणि कारण लिहा, ‘गाळ व प्लास्टिक’. कारण बहुधा खरंच असतं. फक्त तुम्ही मोजलेलं नसतं. ज्या पावसावर जुळवलंत त्याच पावसावर तपासा, आलेख एकावर एक बसतात.

अर्ज युरोपात, मारी क्युरी फेलोशिपला. मागच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले चालत नाही, म्हणजे मुक्काम अनोळखीच हवा. मुंबईच्या नाल्यांसाठी ही अट फारच सोयीची. मुदत साधारण सप्टेंबरात संपते. मुंबईच्या सहयोगी संस्थेचं पत्र जोडायचं असेल तर जुलैतच हातात घ्या, गणपतीत सही करणारे साहेब कोकणात असतात.

‘प्रत्यक्ष पाहणी?’ असं कुणी विचारलंच, तर ती वर्क पॅकेज ४ मध्ये, म्हणजे कामाच्या चौथ्या भागात आहे म्हणा, प्रकल्पाच्या बाविसाव्या महिन्यात. एप्रिलमध्ये रुजू झालात तर बाविसावा महिना बरोबर जानेवारीत येतो.