शांतता, सहकुटुंब सहपरिवार

‘दोन दिवस कुठेतरी शांत ठिकाणी जाऊन येऊ,’ असं आमच्या घरात कुणी म्हटलं की सगळ्यात आधी आवाज वाढतो. महाबळेश्वर म्हटलं तर मेव्हणा ‘घाटात ट्रॅफिक’ म्हणून ओरडला, लोणावळा म्हटलं तर बायको. शेवटी मी माथेरान सुचवलं. तिथं मोटारींना बंदी आहे, २००३ साली सरकारने तो सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलाय, हॉर्न नाही, धूर नाही, असं बरंच काही मी एका दमात सांगितलं.

‘गाड्या नाहीत? मग हिंडायचं कशानं?’ सासूबाईंनी विचारलं.

‘पायांनी.’

त्यानंतर घरात जी शांतता पसरली, तेवढी मला नंतर माथेरानलाही मिळाली नाही.

डोंबिवलीहून कर्जत लोकलने नेरळ गाठणं सोपं. खरा प्रश्न नेरळपासून पुढे. तिथून ती सुप्रसिद्ध छोटी गाडी निघते. मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, १९०४ ते १९०७ या काळात ही रेल्वे बांधली. रूळ जेमतेम दोन फूट रुंद आणि वळणं इतकी, की २१ किलोमीटरला दोन तासांवर वेळ लागतो. हा इतिहास मी रांगेत उभ्या उभ्या सगळ्यांना सांगत होतो. सांगून होईपर्यंत तिकिटं संपली. मग टॅक्सी.

टॅक्सी दस्तुरी नाक्यावर सोडते. तिथून गाव अडीच-तीन किलोमीटर. अमन लॉज स्टेशनहून गावापर्यंत जाणारी छोट्या गाडीची शटल आमच्या डोळ्यांदेखत हलली. ई-रिक्षाची रांग पाहून नाना म्हणजे माझे सासरे म्हणाले, ‘चाला हो, इतिहासात लोक चालतच आले.’ हे खरं आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथं चढून आला तो पायीच. पण त्याच्याबरोबर सासुरवाडी नव्हती, आणि सासूबाईंची ती चार चाकांची जांभळी बॅगही नव्हती.

ती बॅग दुकानात गुळगुळीत फरशीवर एका बोटाने पळते म्हणून घेतलेली. माथेरानची वाट लाल मातीची, दगडांची आणि मुळांची. दहा पावलांत एक चाक निखळलं. शेवटी एका हमाल मावशींनी ती बॅग उचलून सरळ डोक्यावर ठेवली आणि उरलेली तीन चाकं आकाशाकडे करून त्या आमच्या पुढे चालू लागल्या. मेव्हण्याचे पांढरे शुभ्र बूट पाच मिनिटांत विटकरी झाले. तो अर्ध्या वाटेपर्यंत दर थोड्या वेळाने थांबून रुमालाने ते पुसत होता. पुढे रुमालही विटकरी झाला.

‘घोडा पाहिजे का, घोडा?’ हा प्रश्न दर वळणावर. नानांनी दोन वळणं बाणेदार नकार दिला. तिसऱ्या वळणावर चढ होता.

नाना निवृत्त मुख्याध्यापक. समोरचा आपलं ऐकणार हे त्यांनी आयुष्यभर गृहीत धरलेलं. घोडा मात्र कुणाचंच ऐकत नव्हता. तो दरीच्या कडेकडेने चालायचा. नाना म्हणायचे ‘मधून!’, तो आणखी कडेला. एका जागी तो आपणहून थांबला, झाडीत उघडलेल्या फटीतून दरी दिसत होती. घोडेवाला म्हणाला, ‘इथं सगळे फोटो काढतात, त्याला माहितीये.’ नानांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. पाठ करून घेतलेला विद्यार्थी नानांना नेहमीच आवडतो.

माथेरानला असे पॉइंट तीसहून जास्त आहेत आणि बायकोने सगळ्यांची यादी केली होती. लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, वन ट्री हिल. पॉर्क्युपाइन म्हणजेच सनसेट पॉइंट. माझं मत विचाराल तर चार-पाच पाहिल्यावर सगळीकडे दरी तीच असते, फक्त मक्याच्या कणसाचा भाव बदलतो. एको पॉइंटला तर शांततेसाठी आलेली दोन-तीनशे माणसं ओळीने उभी राहून एकमेकांच्या नावाने बोंबलत होती. नाना कठड्याशी गेले आणि शाळेच्या आवाजात गरजले, ‘कोण आहे रे तिकडे?’

‘...रे तिकडे?’ डोंगर म्हणाला.

‘उलट उत्तर देतो!’ नाना म्हणाले. ते ऐकत असताना एका माकडाने सासूबाईंच्या पिशवीतली चिक्की काढली, झाडावर बसून नीट कागद सोडवला आणि कागद मात्र परत खाली टाकला.

रात्री जेवून खोलीत आलो. दिवे मालवले. आणि मग ती आली. खरी, निखळ शांतता. रिक्षा नाही, लोकलची घोषणा नाही, वरच्या मजल्यावरचं मिक्सर नाही. दहा मिनिटांनी सासूबाईंचा आवाज: ‘अहो, झोपलात?’ कुणीच झोपलं नव्हतं. ‘पंखा लावा जरा.’ थंडी चांगली होती. ‘असू दे थंडी, घरघर तरी येईल.’ पंखा लागला, सगळ्यांनी पांघरुणं गळ्यापर्यंत ओढली. तरी मेव्हण्याला झोप येईना. शेवटी त्याने मोबाइलवर कुठूनसा चालत्या गाडीचा खडखडाट शोधून उशाशी लावला. स्टेशनं गेल्यासारखा एकेक जण झोपी गेला.

सकाळी शार्लट लेकला गेलो. गावाला पाणी इथून जातं. बाजूला पिसरनाथाचं देऊळ, वर गर्द झाडी, कुठेतरी एक पक्षी. आम्ही सगळे दगडांवर बसलो आणि खरोखर गप्प झालो.

‘किती शांत आहे ना!’ मेव्हणा म्हणाला.

‘फारच शांत,’ बायको म्हणाली. ‘महाबळेश्वरला असं नाही.’

‘महाबळेश्वरला पूर्वी होतं,’ नाना म्हणाले. ‘सत्तर साली आम्ही गेलो तेव्हा...’

‘सत्तर नाही, बहात्तर,’ सासूबाई म्हणाल्या. ‘सत्तर साली लग्न कुठे झालं होतं आपलं?’

इथून विषय लग्नावर, मानपानावर, कुणाच्या तरी न आलेल्या आहेरावर गेला. पलीकडच्या दगडावरून एक गृहस्थ उठून आले. ‘जरा हळू बोलता का? आम्ही मुद्दाम शांततेसाठी आलोय.’

‘आम्हीसुद्धा!’ नाना ताडकन म्हणाले. ‘कुठले तुम्ही?’

‘डोंबिवली.’

‘पूर्व का पश्चिम?’

‘पूर्व.’

तेवढ्यात त्यांच्या मिसेस उठून आल्या, पाठोपाठ मुलं आली, डबे उघडले. आठच्या सुमाराच्या फास्ट लोकलला दारात उभं राहायला जागा मिळते की नाही यावर नाना आणि ते गृहस्थ तासभर भांडले, आणि पक्षी केव्हा उडाला ते कुणालाच कळलं नाही, कारण सासूबाई त्यांच्या मिसेसना विचारत होत्या, ‘तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?’