खासदारांना अंधारात ठेवून देश सुरक्षित होत नाही

गुप्तचर संस्था आणि संसद हा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. व्हॉट्सॲपवर तो लांबलचक असतो, फेसबुकवर थोडक्यात, गाभा एकच. गुप्तहेरांनी लोकप्रतिनिधींना खरं सांगायचंच नसतं, सांगितलं की फुटतं. मोरारजी देसाईंनी रॉचं गुपित थेट पाकिस्तानचे लष्करशहा झिया यांना सांगून टाकलं. अमेरिकेने सिनेटरांना गुप्तहेरांच्या डोक्यावर बसवलं आणि ९/११ ओढवून घेतलं. देशासाठी खोटं बोलणारा अधिकारी हा देशभक्तच. आणि आपल्याकडे पंतप्रधान सगळं बघतात, मग खासदारांची लुडबुड कशाला?

हे पुढे पाठवणाऱ्यांची काळजी खोटी नाही. देशाची गुपितं फुटू नयेत असं मलाही वाटतं. म्हणूनच यातला एकेक दावा नीट तपासायला हवा.

‘लोकप्रतिनिधींना सांगितलं की फुटतं’

आधी मोरारजी. काही निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिलं आहे की पाकिस्तानच्या कहूटा इथल्या अणुकार्यक्रमाची माहिती भारताकडे आहे, हे मोरारजी झिया-उल-हक यांच्याशी बोलता बोलता बोलून गेले. ही गोष्ट सोळा आणे खरी धरू. पण मोरारजी तेव्हा होते कोण? पंतप्रधान. रॉ ज्यांना थेट जबाबदार होती ते. तिथे संसदेची समिती नव्हती, विरोधी बाकांवरचा कुणी खासदार नव्हता. ‘पंतप्रधान बघतात, तेवढं पुरे’ ही जी व्यवस्था हा मजकूर उचलून धरतो, त्याच व्यवस्थेतून ते गुपित गेलं म्हणायचं. मग हे उदाहरण नेमकं कुणाच्या विरोधात जातं?

आता अमेरिकेकडे. १२ मार्च २०१३ रोजी सिनेटच्या गुप्तचर समितीसमोर जेम्स क्लॅपर साक्ष देत होते. अमेरिकेच्या सगळ्या गुप्तचर संस्थांचं समन्वयन करणाऱ्या पदावर ते होते. ऑरेगॉनचे सिनेटर रॉन वायडन यांनी त्यांना विचारलं, फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणारी एनएसए ही संस्था लाखो-करोडो अमेरिकी नागरिकांची कोणत्याही प्रकारची माहिती गोळा करते का? क्लॅपर म्हणाले, नाही. वायडननी पुन्हा विचारल्यावर त्यांनी जोड दिली की जाणूनबुजून तरी नाही. हा प्रश्न त्यांच्या कार्यालयाला आदल्या दिवशीच पाठवलेला होता. साक्षीनंतर उत्तर दुरुस्त करायची संधीही वायडननी दिली होती. दुरुस्ती आली नाही. जूनमध्ये एडवर्ड स्नोडेनने कागद बाहेर काढले आणि करोडो लोकांच्या फोनच्या नोंदी रोजच्या रोज गोळा होत असल्याचं जगाला कळलं.

या प्रसंगातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि चर्चेत तीच नेमकी गळते. वायडनना खरं उत्तर आधीपासून माहीत होतं. समितीचे सदस्य म्हणून बंद दाराआड ते त्यांना सांगितलं गेलं होतं. मे २०११ मध्ये त्यांनी सिनेटमध्ये एवढंच म्हटलं होतं की ‘पॅट्रिअट ॲक्ट’ या दहशतवादविरोधी कायद्याचा सरकारने गुपचूप लावलेला अर्थ लोकांना कळेल तेव्हा ते थक्क होतील, संतापतील. त्यापुढचा तपशील त्यांनी उघड केला नाही. हा कार्यक्रम चुकीचा आहे असं मनापासून वाटत असूनही, समोर बसलेला अधिकारी उघड सभेत खोटं बोलतोय हे कळत असूनही, त्यांनी गुप्ततेचा नियम मोडला नाही. गुपित फोडलं ते एका कंत्राटी कंपनीच्या कर्मचाऱ्याने. म्हणजे ज्याच्याबद्दल संशय घ्या असं हा मजकूर सांगतो, त्या सिनेटरने तोंड बंद ठेवलं. ज्या यंत्रणेवर डोळे मिटून विश्वास ठेवा म्हणतो, गळती तिच्यातूनच झाली.

लोकप्रतिनिधींकडून कधीच काही फुटत नाही असा माझा दावा नाही. १९७६ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या पाइक समितीचा अहवाल फुटून छापला गेला. पुढे सिनेटर पॅट्रिक लेही यांना एका पत्रकाराला मसुदा दाखवल्याबद्दल समिती सोडावी लागली. हे घडलंय आणि ते वाईटच होतं. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. ऑल्ड्रिच एम्स सीआयएचा अधिकारी होता, १९९४ मध्ये पकडला गेला. त्याने विकलेल्या नावांमुळे सोव्हिएत संघातले अमेरिकेचे अनेक हेर मारले गेले. रॉबर्ट हॅन्सन एफबीआयचा, २००१ मध्ये सापडला. आपला रबिंदर सिंग रॉमध्ये सहसचिव दर्जावर होता, २००४ मध्ये नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला. कुंपणानेच शेत खाल्ल्याची ही उदाहरणं आहेत, आणि यातला एकही जण लोकप्रतिनिधी नव्हता.

‘देशासाठी खोटं बोलावंच लागतं’

क्लॅपरना खोटं बोलावं लागलं नव्हतं. ‘याचं उत्तर बंद बैठकीत देतो’ हे वाक्य त्या दालनात नित्याचं आहे. ते म्हटलं असतं तर ना गुपित फुटलं असतं, ना संसदेची फसवणूक झाली असती. नंतर आपण ‘कमीत कमी असत्य’ उत्तर दिलं, असं ते एका मुलाखतीत म्हणाले. मग समितीला पत्र लिहून आपलं उत्तर चुकीचं होतं हे मान्य केलं. आपण दुसऱ्याच कार्यक्रमाचा विचार करत होतो, असाही खुलासा झाला. तो ग्राह्य धरला तरी प्रश्न उरतो: चूक लक्षात आल्यावर, जूनपर्यंत, दुरुस्ती का नाही?

आणि ज्या कार्यक्रमासाठी हे झालं त्याचा उपयोग किती? एनएसएचे प्रमुख कीथ अलेक्झांडर आधी ५४ कटांचा उल्लेख करत होते. सिनेटच्या सुनावणीत खोदून विचारल्यावर, फोन-नोंदींमुळेच उलगडा झाला असं प्रकरण एखाद-दुसरंच, इथपर्यंत ते आले. जानेवारी २०१४ मध्ये सरकारच्याच स्वतंत्र मंडळाने निष्कर्ष काढला: या कार्यक्रमामुळे दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पडला असं एकही प्रकरण सापडलं नाही. प्रश्न विचारणारे नसते तर ५४ हा आकडा आजही शाळेच्या निबंधात फिरत असता.

खोटं बोलण्याची खरी किंमत संस्थाच मोजते, आणि ती आपल्या मित्रांच्या रूपात मोजते. १९८४ मध्ये सीआयएने निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले आणि सिनेटच्या समितीला त्याची धड कल्पना दिली नाही. समितीचे अध्यक्ष होते बॅरी गोल्डवॉटर. कट्टर रिपब्लिकन, कम्युनिझमचे हाडवैरी, सीआयएचा सिनेटमधला सर्वांत भक्कम आधार. त्यांनी सीआयएचे प्रमुख विल्यम केसी यांना एप्रिलमध्ये पत्र लिहिलं, त्यात सभ्य पत्रव्यवहारात सहसा न येणारा शब्द वापरून आपला संताप कळवला. हे कृत्य म्हणजे युद्ध आहे, ते आम्ही लोकांना समजावून सांगायचं तरी कसं, असा त्या पत्राचा सूर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, निकाराग्वातल्या डाव्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांची मदतच बंद केली. ज्या कामासाठी लपवाछपवी केली, त्याच कामाचा पैसा गेला.

तीस वर्षांनी तेच, फक्त माणसं वेगळी. डायअॅन फाइन्स्टाइन या समितीच्या अध्यक्षा एनएसएची बाजू घेतात म्हणून त्यांच्यावर टीका व्हायची. त्यांची समिती सीआयएच्या छळ-चौकशीच्या कार्यक्रमाची तपासणी करत होती. त्यासाठी सीआयएनेच उत्तर व्हर्जिनियात एक जागा आणि समितीसाठी वेगळे संगणक दिले होते. ११ मार्च २०१४ रोजी फाइन्स्टाइन सिनेटमध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं की त्या संगणकांवरून शेकडो कागद गुपचूप काढून घेतले गेले, आणि समितीच्या कामाची झडतीही घेतली गेली. सीआयएचे प्रमुख जॉन ब्रेनन यांनी त्याच दिवशी हे साफ नाकारलं. जुलैमध्ये सीआयएच्याच महानिरीक्षकाने सांगितलं की पाच कर्मचाऱ्यांनी समितीच्या फायलींमध्ये अयोग्य प्रवेश केला होता. ब्रेननना माफी मागावी लागली.

डिसेंबरमध्ये अहवालाचा सारांश प्रसिद्ध झाला, पाचशेहून जास्त पानांचा. त्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. सीआयए आपल्या ताब्यातल्या कैद्यांची संख्या शंभरच्या आत सांगत आली होती. प्रत्यक्षात किमान ११९ होते. जानेवारी २००९ मध्ये एका अधिकाऱ्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपणानुसार, संख्या वाढते हे त्याने वर सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं की आकडा ९८ च राहील, त्यासाठी हवी ती तारीख धर. यात शत्रूपासून काय लपवलं? काहीच नाही. लपवलं ते आपल्याच मालकांपासून, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्यांपासून. स्वतःच्या कैद्यांचा आकडा सोयीने ठरवणारी संस्था शत्रूच्या क्षेपणास्त्रांचा आकडा सांगते तेव्हा तो कशाच्या आधारावर मानायचा?

याहून जुनं प्रकरण सीआयएचे प्रमुख राहिलेल्या रिचर्ड हेल्म्स यांचं. चिलीत सीआयएने कारवाया केल्याचं १९७३ मध्ये त्यांनी सिनेटसमोर नाकारलं, १९७७ मध्ये न्यायालयात आरोपाला विरोध केला नाही, दोन हजार डॉलर दंड झाला. सीआयएच्या निवृत्तांनी एका जेवणात कचऱ्याच्या टोपल्या फिरवून तो गोळा केला. हा प्रसंग ‘देशभक्ती’ म्हणून मोठ्या कौतुकाने सांगतात. पण तोवर काँग्रेसचा विश्वास इतका उडाला होता की चौकशा, नवे कायदे आणि कायमस्वरूपी समित्या आल्या. ज्या देखरेखीबद्दल गुप्तचर अधिकारी कुरकुर करतात, तिला जन्म याच खोटेपणाने दिला.

‘देखरेखीमुळेच ९/११ झालं’

सिनेटर फ्रँक चर्च यांच्या चौकशी समितीने १९७५-७६ मध्ये सीआयएचे हात बांधले, म्हणून २००१ मध्ये ती आंधळी होती, असा हा तर्क. चर्च समितीला काय सापडलं होतं? सीआयएने न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षं नागरिकांची दोन लाखांहून अधिक पत्रं फोडली होती. एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंग यांना आत्महत्येला प्रवृत्त करणारं निनावी पत्र पाठवलं होतं. हे थांबलं. अपहरणकर्ता विमानापर्यंत पोहोचण्याशी याचा संबंध नाही.

९/११ चौकशी आयोगाने काय लिहिलं ते पाहा. पुढे अपहरणकर्ता ठरलेल्या खालिद अल-मिहधारकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हे सीआयएला जानेवारी २००० मध्येच कळलं होतं. त्याचा साथीदार नवाफ अल-हाझमी लॉस एंजेलिसला उतरल्याचंही पुढे कळलं. ही नावं पाळत-यादीत गेली ती ऑगस्ट २००१ मध्ये. यादीत नाव घालायला कोणत्याही सिनेटरने मनाई केलेली नव्हती. एफबीआयमध्ये गुन्हेतपास आणि गुप्तवार्ता यांच्यात भिंत होती, तिने नुकसान केलं, हे खरं. पण आयोगाने काँग्रेसच्या देखरेखीवर ताशेरे मारले ते ती फार कडक आहे म्हणून नव्हे, तर विस्कळीत आणि दुबळी आहे म्हणून. ती मजबूत करा, अशी त्यांची शिफारस होती.

आणि आपल्याकडे २६/११ झालं तेव्हा कोणती संसदीय समिती आयबी-रॉच्या मानगुटीवर बसली होती? एकही नाही. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीला केंद्रीय गुप्तचर संस्थांचं काम तपासायची मुभाच मिळाली नाही. समितीचे दुसरे सदस्य व्ही. बालचंद्रन हे स्वतः रॉमधून विशेष सचिव म्हणून निवृत्त झालेले होते, तरीही. विधिमंडळासमोर आधी कृती अहवाल आला, मूळ अहवाल नंतर. मुंबईत १६० हून अधिक माणसं मेली. राज्य पोलिसांचं काय चुकलं ते आपण वाचलं. दिल्लीत काय चुकलं, हे खासदारांच्या समितीने विचारलेलं नाही.

‘पंतप्रधान बघतात, मग संसद कशाला?’

पंतप्रधान बदलतात आणि संस्था त्यांच्या मर्जीवर राहते. १९७७ मध्ये आणीबाणी संपली, तेव्हा जनता सरकारला रॉ ही इंदिरा गांधींची खासगी यंत्रणा वाटत होती. रॉचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव पायउतार झाले, त्यांच्या जागी आलेले शंकरन नायरही काही महिन्यांत बाहेर पडले, संस्थेला कात्री लागली. त्यावेळी सर्व पक्षांचे खासदार असलेली समिती असती, तर रॉचं काय खरं काम आणि काय गैरवापर हे विरोधकांना आधीपासून माहीत असतं. देखरेख ही संस्थेची ढालसुद्धा असते, ती अशी.

आजची स्थिती पाहा. रॉ १९६८ पासून आहे, आयबी इंग्रजांच्या काळापासून. दोन्हींपैकी कुणाचाही स्वतःचा, संसदेने केलेला कायदा नाही. जुलै २०२१ मध्ये पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेर-सॉफ्टवेअरवरून गदारोळ झाला, तेव्हा माहिती-तंत्रज्ञानाच्या स्थायी समितीने मंत्रालयांचे अधिकारी बोलावले. ते आले नाहीत, आणि सत्ताधारी सदस्यांनी हजेरीवर सही न केल्याने गणसंख्याही झाली नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत कसलंतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच आहे हे सिद्ध झालं नाही. आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं सरन्यायाधीशांनी न्यायालयात सांगितलं. आपल्याकडे खोटं बोलायची वेळच येत नाही, कारण विचारणाऱ्यासमोर येऊन बसायचीच सक्ती नाही.

‘खासदारांना यातलं कळतं काय?’

सुरुवातीला कमी कळेल. अमेरिकी सिनेटच्या समितीकडे त्यासाठीच सुरक्षा-तपासणी झालेले कायम कर्मचारी आहेत. बैठक हार्ट इमारतीतल्या बंदिस्त दालनात होते, गुप्त टिपणं तिथेच ठेवून यावं लागतं, उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो.

हे आपल्याकडे कुणाला सुचलंच नाही असंही नाही. जानेवारी २०१० मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी काव यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात, म्हणजे रॉच्याच लोकांसमोर, संसदीय देखरेखीची मागणी केली. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक मांडलं, ते बारगळलं. तेव्हा सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. नंतर आलेल्या सरकारनेही तसा कायदा आणलेला नाही.

आणायचा असेल तर अमेरिकेची एक उणीव टाळायला हवी. क्लॅपर यांच्यावर खटला झाला नाही. काँग्रेस फक्त शिफारस करू शकते, खटला चालवायचा की नाही हे त्याच सरकारच्या न्याय खात्याने ठरवायचं असतं, आणि पाच वर्षांची मुदत मार्च २०१८ मध्ये संपून गेली. आपल्या कायद्यात समितीपुढच्या खोट्या साक्षीचा निर्णय कोण घेईल हे आधीच लिहून ठेवावं लागेल, आणि ते नाव गृहमंत्रालयाचं असून चालणार नाही.