‘अंधारात टांगलेले कागद’ : दोन तारे देणाऱ्या अभिप्रायाला गॅलरीचं उत्तर

नमस्कार,

अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या चित्रांचं प्रदर्शन पाहून आपण दोन तारे दिलेत. तक्रारी चार : दालनात अंधार, काचेत चित्राऐवजी स्वतःचाच चेहरा, एका चित्राच्या कडेला गडद पट्टा नि तांबूस ठिपके, आणि मोठा कॅनव्हास एकही नाही.

काचेबद्दल आपलं म्हणणं मान्य. साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण 8 टक्के प्रकाश परत फेकते. समोर उजळ काही असलं की मंद उजेडातला जलरंग तेवढ्यानेही झाकला जातो. दारासमोरच्या भिंतीवर नेमकं तेच होत होतं. आता दाराला काळा पडदा लावलाय आणि पलीकडच्या भिंतीवरचे दिवे कमी केलेत. खरा उपाय प्रतिबिंबरोधक काचेचा; पण फ्रेम उघडायला चित्राच्या मालकाची परवानगी लागते. ती मिळेल तशा काचा बदलतोय.

अंधार मात्र मुद्दाम ठेवलेला आहे. कागदावरच्या जलरंगासाठी संग्रहालयं 50 लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) मर्यादा पाळतात. तैलरंगाला 200 पर्यंत चालतं. उजेडाची इजा साठत जाते. 50 लक्सखाली रोज 8 तास, 30 दिवस म्हणजे 12,000 लक्स-तास. 200 लक्सखाली तेच 48,000. उडालेला रंग परत आणता येत नाही. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला काही मिनिटं लागतात, म्हणून माहितीचे फलक आत शिरल्याशिरल्याच लावलेत. आधी ते वाचावेत.

आता तो गडद पट्टा. तो डाग नाही, चित्राचा मूळ रंगच तो! जुन्या माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, बोटभर कड झाकलेली होती, तिथला रंग टिकला. उरलेलं चित्र भिंतीवर वर्षानुवर्षं उजेड खाऊन फिकं पडलं. नव्या माउंटची खिडकी अर्धा इंच लहान कापली असती, तर पट्टा सहज झाकला गेला असता. पण मग मूळ छटा कुठेच दिसली नसती. हे शेजारच्या माहितीपट्टीवर लिहायला हवं होतं. ती चूक आमची.

ठिपके दमटपणाचे. बुरशी आणि कागदातले लोहाचे कण दोन्ही त्याला कारण होतात. ब्लीच केलं तर ठिपक्यांबरोबर रंगही जाण्याची भीती, आणि नुसतं पाणी लावलं तरी जलरंग सुटतो. म्हणून हात लावलेला नाही. माउंटमुळे काच आणि कागदात 3 मिमी अंतर राहतं, दालनातली आर्द्रता 50 ते 55 टक्क्यांवर ठेवतो.

मोठ्या कॅनव्हासचं म्हणाल तर रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या बोथट सुरीने) उभे केलेले रंगाचे ते थर पुढच्या काळातले. हे प्रदर्शन गायतोंडे यांनी 1948 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांचं : माणसांच्या आकृती, त्यांना बांधणारी रेषा, सपाट रंग, भारतीय लघुचित्रांचा आणि युरोपीय चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव. पुढे यातली आकृती गेली, मग रेषाही गेली. रंग तेवढा राहिला. हे जाणं पाहायचं तर हेच छोटे कागद पाहावे लागतात. जाहिरातीत मात्र नाव ठळक आणि ‘सुरुवातीची चित्रं’ ही ओळ बारीक होती. आपला अपेक्षाभंग त्यामुळे झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. ओळ आता मोठी केली आहे.

पुन्हा येणं जमलं तर दुपारी 4 नंतर या. दार पूर्वेला असल्याने तोवर समोरचं ऊन गेलेलं असतं. काउंटरवर भिंग मागून घ्या. गडद पट्टा जिथे संपतो, तिथे जुन्या माउंटची कड रेघ मारल्यासारखी दिसते.