सूर्य उगवता उगवेना

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डोंगर उभा करायला मला तासभर पुरतो. नॉइज टेक्श्चर, म्हणजे खडबडीत नक्षी, पृष्ठभाग वर-खाली उचलणाऱ्या डिस्प्लेसमेंटला जोडायचं, वरून थोडी झीज द्यायची, झाली रांग. नदी दहा मिनिटांत वाहू लागते. मग फक्त सूर्य लावायचा उरतो आणि त्यात आठवडा जातो.

पहिला मोह म्हणजे सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवणं. सगळं नीट दिसावं हा सद्हेतू. दिसतंही, पासपोर्टच्या फोटोत दिसतं तसं! सावल्या वस्तूंच्या मागे दडतात आणि जिवापाड कोरलेल्या घळी इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट होतात. सूर्य बाजूला न्यावा, कॅमेऱ्याच्या नजरेशी ६० ते ९० अंशांवर, आणि क्षितिजापासून १०-१५ अंश उंच. १० अंशांवर सावली वस्तूच्या उंचीच्या साडेपाचपटीहून लांब पडते, ४५ अंशांवर ती जेमतेम वस्तूएवढी. सूर्याच्या दिव्याचा 'अँगल' ०.५३ अंशाच्या आसपास असावा, कारण आकाशातला खरा सूर्य तेवढाच दिसतो. शून्य ठेवलात तर सावली ब्लेडनं कापल्यासारखी येते, ५ अंश केलात तर पातळ ढगाआडचं ऊन मिळतं.

दुसरा मोह एचडीआरआयचा. आकाशाचा तयार फोटो लावायचा, त्यातला सूर्य मिणमिणता वाटला की शेजारी आपला वेगळा सूर्य टांगायचा. दोघांच्या दिशा जुळवायच्या राहतात आणि प्रत्येक झाडाला दोन सावल्या फुटतात. त्यावर उपाय म्हणून तिसरा दिवा आणणारेही आहेत. त्यांना मी नमस्कार करतो. सावलीत उजेड भरायला आकाश समर्थ असतं, आणि तो उजेड निळसर असतो म्हणूनच तांबूस ऊन खुलतं. चित्र अंधारं वाटलं तर दिवे न वाढवता एक्सपोजर एक स्टॉप वाढवावं, म्हणजे उजेड दुप्पट. ब्लेंडरमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे उतरतात ते ठरवणारी सोय) 'स्टँडर्ड'वर असेल तर तो 'एजीएक्स' करावा, नाहीतर सूर्याभोवतीच्या रंगांचा पिवळा चिखल होतो.

पण खरी परीक्षा धुक्याची. धुक्याशिवाय पाच किलोमीटरवरचा डोंगर हाताशी ठेवलेल्या खेळण्यासारखा वाटतो. म्हणून सगळ्या सीनभोवती एक मोठा ठोकळा, त्यात व्हॉल्यूम स्कॅटर, म्हणजे प्रकाश विखुरणारी हवा. डेन्सिटी, म्हणजे धुक्याची दाटी, कितीही छोटी टाकली तरी ती मोठीच निघते, कारण आकडा दर मीटरचा असतो. ०.०१ किरकोळ वाटतं ना? त्यात हजार मीटरवरून निघालेल्या प्रकाशातला दहा हजारांत अर्धा भागही थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. रांग गायब, पडद्यावर नुसतं दूध. ०.००१ ला ३७ टक्के पोचतो. कित्येक किलोमीटरच्या देखाव्यात मी ०.०००२ पासून चाचपडत वर सरकतो. सूर्य समोर असेल तर धुकं प्रकाश पुढे किती फेकतं ते ठरवणारी अ‍ॅनिसोट्रॉपी ०.७ करावी, म्हणजे त्याच्या दिशेचं धुकं उजळतं. या धुक्यानं नॉइजही, म्हणजे चित्रातले रवाळ ठिपकेही, वाढतो, आणि तो निम्मा करायचा तर सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) चौपट लागतात. संगणकाचा पंखा तेव्हा विमानतळाची आठवण करून देतो.

कॅमेऱ्याचा हट्ट वेगळाच. भव्यता दाखवायची म्हणून १८ मिलिमीटरची लेन्स लावावी, तर ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर ९० अंशांचा देखावा मावतो आणि त्यात आपला महापर्वत वारुळाएवढा होतो. डोंगर मोठा दिसायला हवा तर मागे सरकून ८५ किंवा १३५ लावावी. कॅमेरा १.६ मीटरवर, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. ५० मीटरवर नेला की कुठलाही देखावा नकाशा होतो. 'क्लिप एंड', म्हणजे कॅमेऱ्याला कुठवरचं दिसतं ती मर्यादा, तपासावं. ते हजार मीटर असेल तर दोन किलोमीटरवरचं शिखर कुणी चोरल्यासारखं नाहीसं होतं आणि तासभर आपण लपवलेल्या वस्तूंच्या यादीत त्याला शोधत बसतो.

मागचं धूसर करण्याची हौस तर आवरायलाच हवी. एफ/१.४ लावून, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, धूसर केलेला डोंगर टेबलावरचा देखावा वाटतो. ३५ मिलिमीटर लेन्स, एफ/११ आणि फोकस ३.७ मीटरवर, एवढ्यात साधारण १.९ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. सीन खऱ्या मापात मात्र हवा. दोन मीटरच्या हिमालयाला ही गणितं लागू नाहीत.

चाचणी २५ टक्के रिझोल्यूशनवर घ्यावी, पिक्सेल सोळाव्या हिश्शावर येतात. शेवटचं चित्र १६ बिटमध्ये जतन करावं, ८ बिटात संध्याकाळच्या आकाशाला पायऱ्या पडतात. मग रात्रभर रेंडर, म्हणजे संगणक ते चित्र काढत बसतो.

सकाळी उघडून बघावं तर ऊन बाजूनं, सावल्या लांब, धुकं बेताचं. आणि उजवीकडच्या झाडाची सावली बुंध्यापासून सुटून भलतीच लांब सुरू झालेली. झाड वीतभर हवेत आहे. सूर्य पाठीशी होता तोवर ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.