‘टॉप व्हेरिएंटच घ्या’ हा सल्ला पिकअपच्या बाबतीत घातक आहे

ऑफ-रोड पिकअप घ्यायची असेल तर डोळे झाकून टॉप व्हेरिएंट घ्यावा, असे सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यात पाच दावे आहेत. वरच्या व्हेरिएंटची भार वाहण्याची आणि ट्रेलर ओढण्याची क्षमता जास्त असते. त्याची मोठी अलॉय व्हील्स खडबडीत वाटेवर सरस ठरतात. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरणे आपोआप रोखणारी प्रणाली, असल्यावर डिफरन्शियल लॉकची, म्हणजे एका ॲक्सलवरची दोन्ही चाके एकत्रच फिरायला लावणाऱ्या यंत्रणेची, गरज उरत नाही. विकताना त्यालाच चांगला भाव येतो. आणि खालचा व्हेरिएंट घेऊन मागाहून सुधारणा करणे महागात पडते. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. परंतु भूजल सर्वेक्षणाची उपकरणे आणि तीन सहकारी घेऊन डोंगराळ भागात फिरणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली ‘मामा, मग वरचाच बुक करतो’ असे लिहिले, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

पहिला दावा निव्वळ चुकीचा आहे आणि तोच सर्वांत धोकादायक आहे. भारक्षमता ही साध्या वजाबाकीतून निघते. कारखान्याने ठरवलेल्या ग्रॉस वेटमधून, म्हणजे भरलेल्या गाडीच्या कमाल वजनातून, रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, तेवढेच माणसे, सामान आणि बाहेरून बसवलेले साहित्य यांच्या वाट्याला येते. सनरूफ, विजेवर सरकणाऱ्या सीट, पोटाखालचे जाड पत्रे, रुंद टायर असे जे जे वरच्या व्हेरिएंटमध्ये वाढते, ते रिकाम्या गाडीच्या वजनात जमा होते आणि ग्रॉस वेट तेवढेच राहिले तर आपल्या वाट्यातून कमी होते. वेगाने खड्ड्यांवरून उडवण्यासाठी बनवलेल्या व्हेरिएंटमध्ये तर याहून मोठा बदल असतो, कारण तिथे मागचे सस्पेन्शनच भार पेलण्याऐवजी धक्के गिळण्यासाठी मऊ केलेले असते.

फोर्ड रेंजरचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तिच्या रॅप्टर या सर्वांत महागड्या ऑफ-रोड व्हेरिएंटमध्ये मागे पाट्यांऐवजी (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगऐवजी) कॉइल स्प्रिंग आहेत. फोर्डनेच ऑस्ट्रेलियातील खरेदीदारांसाठी दिलेल्या आकड्यांनुसार ब्रेक असलेला ट्रेलर ओढण्याची रॅप्टरची मर्यादा 2500 किलो आहे, तर पाट्यांवरच्या साध्या फोर बाय फोर रेंजरची 3500 किलो. भारक्षमता रॅप्टरची सुमारे 700 किलो आणि एक्सएलटीसारख्या मधल्या व्हेरिएंटची 900 किलोच्या वर आहे. जास्त पैसे मोजून ओढण्याची मर्यादा तब्बल एक टनाने कमी होते, हे खुद्द कंपनी सांगत असताना संदेश लिहिणाऱ्याने नेमके उलटे कशाच्या आधारावर लिहिले?

आता या 700 किलोंचे काय होते ते पाहा. चार माणसांचे 300 किलो धरा. दोन टनांचा ट्रेलर जोडला, तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे 200 किलो, गाडीच्या हुकवर येतो आणि तोही गाडीच्याच भारात मोजला जातो, ही गोष्ट पुष्कळांच्या गावीही नसते. पुढचा लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि हौद्यावरचे छत यांचे मिळून 150 किलो सहज होतात. उरले 50 किलो. त्यात उपकरणे आणि बॅटऱ्या कशा बसणार? तरीही त्या कोंबल्या की मागचा भाग बसतो, पुढच्या चाकांवरचा दाब घटतो, स्टिअरिंग हलके होते, ब्रेक लागायला जास्त अंतर लागते आणि टायर तापतात. खराब रस्त्यावर जास्त भार वाहणाऱ्या डबल कॅब पिकअपची चॅसिस कॅबच्या मागे वाकल्याची उदाहरणेही घडली आहेत. ज्याला आपल्या गाडीचा आकडा हवा असेल त्याने माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर विसंबू नये. त्याच व्हेरिएंटच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि तपशिलाचा तक्ता पाहावा, आणि गाडी हाती आल्यावर टाकी भरून ती वजनकाट्यावर उभी करावी.

मोठ्या चाकांचा दावा तर तक्ता उघडताच कोसळतो. टोयोटा टॅकोमाच्या 2016 ते 2023 या पिढीत लिमिटेड या आलिशान व्हेरिएंटला 265/60 आर 18 टायर होते आणि टीआरडी ऑफ-रोडला 265/70 आर 16. यातला पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा रुंदीच्या किती टक्के साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) उंच आहे ते, आणि शेवटचा रिमचा इंचातला व्यास. दोन्ही टायरांचा व्यास जवळपास सारखाच भरतो. फरक आहे तो साइडवॉलमध्ये. पहिल्याचा साइडवॉल 159 मिलिमीटर उंच आणि दुसऱ्याचा 185. दगडांवर किंवा वाळूत हवा कमी केल्यावर हाच साइडवॉल दबतो, टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. तो जितका आखूड, तितकी रिम दगडावर आपटण्याची भीती जास्त. रॅप्टरलाही 17 इंची चाके आहेत आणि 20 इंची चाके तिच्याच आलिशान भावंडांना मिळतात, यावरून काय ते समजावे.

ट्रॅक्शन कंट्रोलबद्दलच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. आजची प्रणाली घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर वळवते आणि बऱ्याच चिखलातून गाडी बाहेर काढते. मात्र ती चाक घसरून फिरू लागल्यावर जागी होते, तर लॉक आधीच लावून ठेवता येतो. एक चाक हवेत आणि दुसरे ओल्या दगडावर असताना हा फरक निर्णायक ठरतो. त्यात वर उल्लेखलेल्या लिमिटेडमध्ये मागचा लॉक नव्हताच, तो टीआरडी ऑफ-रोडमध्ये होता. जीप ग्लॅडिएटरचेही तसेच आहे: तिच्या ओव्हरलँड व्हेरिएंटचे नाव ऐकून रानावनातली गाडी वाटायची, पण त्याच्या ट्रान्सफर केसचे (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचे) लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर, 2.72 पटींचे होते, आणि उभ्या चढावर रांगत जाण्यासाठी हवे असणारे 4 पटींचे लो रेंज रुबिकॉन या व्हेरिएंटला मिळते.

पुनर्विक्रीच्या दाव्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पाच वर्षांनी येणाऱ्या भावासाठी पाच वर्षे चुकीची गाडी चालवायची, हा हिशेब मला मान्य नाही.

शेवटचा दावा मात्र अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने का होईना, मान्य करतो. डिफरन्शियल लॉक आणि लो रेंजचा गुणक या गोष्टी मागाहून बसवायच्या म्हणजे ॲक्सल किंवा ट्रान्सफर केस उघडणे आले, त्यासाठी मोठा खर्च आला आणि वॉरंटीचा प्रश्नही आला. त्या ज्या व्हेरिएंटमध्ये कारखान्यातूनच येतात, तो घ्यावा, आणि तो बहुधा मधला असतो. टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि पोटाखालचे पत्रे पुढे केव्हाही बदलता येतात. पाटेही बदलता येतात आणि त्यामुळे मागचा भाग बसत नाही. मात्र नुसत्या पाट्यांनी ग्रॉस वेटचा आकडा वाढत नाही, कारण तो ब्रेक, ॲक्सल, चॅसिस आणि टायर या सगळ्यांचा मिळून ठरवलेला असतो.