मासे आपणहून शिकाऱ्याच्या तोंडी जातात का?

‘समुद्रात कार्बन डायऑक्साइड मुरला की माशांची घ्राणशक्ती बिघडते आणि ते आपणहून शिकाऱ्याकडे पोहत जातात’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. दावा अगदीच हवेतला नाही. 2009-10च्या सुमारास क्लाऊनफिश या प्रवाळांत राहणाऱ्या छोट्या माशाच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांतून तो आला. अरुंद टाकीत दोन प्रवाह शेजारी-शेजारी सोडायचे, एकात शिकारी माशाचा वास, आणि पिल्लू कुठल्या बाजूला राहतं ते बघायचं. कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या पाण्यातली पिल्लं म्हणे जवळजवळ सगळा वेळ वासाच्याच बाजूला होती. इतका ठसठशीत निकाल जिवंत प्राण्यांत क्वचितच मिळतो. शंका तिथेच यायला हवी होती.

पुढे दुसऱ्या गटाने तीन वर्षं, सहा जातींचे 900हून अधिक मासे घेऊन हेच तपासलं. जानेवारी 2020मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात निकाल आला: वागण्यावर म्हणावा असा परिणाम नाही. मूळ संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला, हेही खरं.

म्हणून आम्लीकरण, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मुरल्याने समुद्राचं पाणी आम्लतेकडे झुकणं, थोतांड ठरत नाही. प्रवाळ आणि शिंपल्यांना सांगाडा, कवच बांधणं त्यानं जड जातं. माशांना मोठा धोका उष्णतेचा: पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि तेव्हाच माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते.