नाकावरची गाठ चोळू नका, तो मेसेज खोटा आहे

परवा रात्री दीड वाजता मावसबहिणीचा मेसेज: "दादा, मी फोन पोटावर ठेवून झोपायचे. त्यामुळेच झालं का रे?" तिच्या तीन आठवड्यांच्या मुलीच्या नाकाच्या मुळाशी वाटाण्याएवढी गाठ आहे. कुणीतरी तिला तो फिरता मेसेज धाडलाय: सातव्या महिन्यात मोबाइलच्या लहरींनी मेंदूचा तुकडा नाकात उतरतो, तो कॅन्सर असतो, ऑपरेशननं बुद्धी जाते, रोज चोळलं की तुकडा जागेवर जातो.

आधी चोळण्याचं, कारण त्यात बाळाचा जीव जाऊ शकतो. काही बाळांत मेंदूचा भाग कवटीच्या फटीतून बाहेर आलेला असतो, पण आत जोडलेलाच असतो. बाळ रडलं की अशी गाठ फुगते. तिची त्वचा फाटली तर मेंदूभोवतीचं पाणी गळतं आणि मेंदूज्वराला वाट मिळते. दुसऱ्या प्रकारची गाठ, म्हणजे 'नेझल ग्लायोमा' (नाकाशी अडकलेल्या मेंदूच्या पेशींची गाठ), घट्ट असते, रडल्यानं फुगत नाही. पण तिचाही देठ कधीकधी आतपर्यंत गेलेला असतो, म्हणून घरच्या घरी निकाल लावायचा नाही. एमआरआय झाल्याशिवाय डॉक्टरसुद्धा तिच्यात सुई घालत नाहीत, आणि हे म्हणे चोळा!

सातवा महिना कुठून काढला? गर्भाच्या कपाळाची आणि नाकाची हाडं जुळण्याआधी मेंदूचं आवरण मधल्या फटीतून त्वचेपर्यंत येतं, मग मागं सरतं आणि फट बुजते. तेव्हा थोड्या पेशी बाहेर अडकल्या की ही गाठ होते, असं मानलं जातं. हे सगळं सुरुवातीच्या महिन्यांतलं.

मेंदूच्या आतही पेशी चुकीच्या जागी राहतात, ही गोष्ट वेगळी. चेतापेशी आतल्या पोकळीच्या काठाशी जन्मतात आणि लांबट आधारपेशींना धरून वर चढतात. काही लोकांत त्यातल्या थोड्या काठाशीच अडकतात. १९९८ साली 'न्यूरॉन' नियतकालिकातल्या शोधनिबंधानं अशा रुग्णांत एक्स गुणसूत्रावरच्या, फिलामिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला दोष दाखवला. त्यात फोन कुठे आला?

गरोदरपणी आईनं काय घेतलं यानं फरक पडतो, एवढं मान्य. फॉलिक ॲसिडनं मेंदू आणि पाठीच्या कण्याचे काही जन्मदोष टळतात. पण त्यावरून लहरींची गोष्ट खरी ठरत नाही.

कॅन्सर? नाही. नावात 'ग्लायोमा' हा मेंदूच्या ट्यूमरचा शब्द असला तरी ही गाठ पसरत नाही. बुद्धीचं म्हणाल, तर त्या सुट्या तुकड्यावर विचार चालत नाही.

बहिणीला रात्रीच फोन करून सांगितलं: गुरुवारी एमआरआय आहे, तोवर गाठीला कुणालाही हात लावू देऊ नकोस. आणि तुझ्या फोननं काहीही झालेलं नाही.